रुडेलची सही आणि काळा चौकोन

ऑनसाइटला निघालेल्या माणसाला लोक काय काय आणायला सांगतात! चॉकलेटं, परफ्यूम, कॅमेऱ्याची लेन्स. गेल्या महिन्यात म्युनिकला निघताना एका जुन्या मित्राने (नाव लिहीत नाही, तो हे वाचतो) मला हान्स-उलरिश रुडेलचा सही केलेला फोटो आणायला सांगितला. विक्रेता ठरलेला, मी फक्त उचलून आणायचा.

मी नाही म्हणालो. त्यावरून जाम वाजलं. फोनवर त्याने मला बोलूच दिलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

रुडेल म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला जर्मन स्टुका वैमानिक. अडीच हजारांवर मोहिमा, 519 रणगाडे नावावर. मित्र म्हणतो, "अरे, शौर्य बघ ना, राजकारण सोड!" ठीक आहे. पण रुडेलने तरी सोडलं होतं का? युद्धानंतर हा अर्जेंटिनात गेला. 1953 च्या पश्चिम जर्मन निवडणुकीत अतिउजव्या डॉयचे राइखस्पार्टीने त्याला पुढे केलं. 1976 साली हवाई दलातल्या एका मेळाव्याला त्याला बोलावलं, आणि त्याची बाजू घेणाऱ्या दोन जनरलना मुदतीआधी घरी जावं लागलं. आणि आम्ही पुण्यात बसून म्हणणार, राजकारण सोड!

बरं, हा छंदही काही निरागस नाही. युद्ध चालू असतानाच नाइट्स क्रॉस मिळालेल्या अधिकाऱ्यांची पोस्टकार्डं छापली जात. शाळकरी पोरं ती जमवायची, सहीसाठी पत्रं लिहायची. आपण क्रिकेटपटूंची कार्डं जमवायचो तसंच, फक्त इथे पोरांना पुढे सैन्यात जायचं होतं.

आता बाजारात कोण मिळतो ते बघा. जो जगला तो. अ‍ॅडमिरल ड्योनिट्झला न्यूरेंबर्गला दहा वर्षांची शिक्षा झाली, 1956 ला सुटला आणि 1980 पर्यंत जगला. टपालाने आलेल्या फोटोंवर सह्या करायला भरपूर वेळ मिळाला. फील्ड मार्शल विट्झलेबेनलाही नाइट्स क्रॉस होता. तो हिटलरविरुद्धच्या कटात गेला, 8 ऑगस्ट 1944 ला त्याला फाशी दिली. त्याने म्हातारपणी कुठल्या फोटोवर सही करायची? शौर्यच जमवायचं तर अल्बममधली ही रिकामी जागा कुणाला कशी खुपत नाही?

"मग माणेकशांचा फोटो चालतो का तुला?" हा त्याचा हुकमी एक्का. चालतो की! माणेकशांची सही जपणारा माणूस 1971 विसरा म्हणत नाही, आठवावं म्हणूनच जपतो. रुडेलवाल्याला मात्र आधी "तेवढं सोड" म्हणावं लागतं. फरक एवढाच आहे, पण तो पुरेसा आहे.

जर्मनीत स्वस्तिकाच्या जाहीर प्रदर्शनावर कायद्याने बंधन आहे, त्यामुळे विक्रेते यादीतल्या फोटोत गणवेशावरच्या चिन्हावर छोटा काळा चौकोन टाकतात. मित्राने पाठवलेल्या लिंकमध्येही तो होता. चेहरा स्वच्छ, सही स्वच्छ, छातीवर काळा ठिपका.

असो. फोटो आता कुरिअरने येतोय म्हणे, हॉलमध्ये लागणार आहे. वहिनींनी पुढच्या शनिवारी जेवायला बोलावलंय. जाणार आहे. मूळ फोटोवर तो चौकोन नसणार, आणि त्यांची मुलगी सातवीत आहे, इतिहास शिकते. ती विचारेल तेव्हा हा काय सांगतो, ते मला ऐकायचंय.