हप्ता नको, मुदत कमी करा

गृहकर्ज मंजूर झालं की बँक हप्त्यांचं वेळापत्रक हातात देते. बारीक आकड्यांनी भरलेली ती पानं बहुतेक घरांत कराराच्या फाइलमध्ये जातात आणि पुन्हा कधी बाहेर येत नाहीत. त्यातली निदान पहिली ओळ प्रत्येक कर्जदाराने नीट वाचायला हवी. कर्ज 40 लाख, व्याज साडेआठ टक्के आणि मुदत वीस वर्षं धरली, तर महिन्याचा हप्ता येतो 34,713 रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले 28,333 रुपये व्याजात जातात. मुद्दलातून वजा होतात जेमतेम 6,380.

पुढची पानं उलटली की चित्र आणखी स्पष्ट होतं. पाच वर्षांत कर्जदार 20 लाख 83 हजार रुपये भरतो आणि मुद्दल कमी होतं पावणेपाच लाखांनी. निम्मं मुद्दल फिटायला 13 वर्षं 10 महिने लागतात. वीस वर्षांनी हिशेब मिटतो तेव्हा व्याजापोटी 43 लाख 31 हजार गेलेले असतात, म्हणजे घेतलेल्या कर्जापेक्षाही जास्त.

यात बँकेची लबाडी नाही. व्याज शिल्लक मुद्दलावर लागतं आणि सुरुवातीला मुद्दल मोठं असतं, इतकंच. पण हेच गणित कर्जदाराच्याही कामी येतं. याच कर्जात पहिल्या वर्षाच्या अखेरीस एक लाख रुपये जादा भरले, तर शेवटचे जवळपास 14 हप्ते गळून पडतात आणि पावणेचार लाखांच्या आसपास व्याज वाचतं. तेच लाख रुपये पंधराव्या वर्षाच्या अखेरीस भरले, तर सव्वाचार-साडेचार हप्ते कमी होतात आणि वाचतात सुमारे 50 हजार. रक्कम तीच, फरक फक्त वेळेचा. म्हणून काटकसर करायची तर ती कर्जाच्या पहिल्या सात-आठ वर्षांत करावी आणि वाचलेला पैसा त्या त्या महिन्यात मुद्दलात घालावा. ‘जरा पगार वाढू दे, मग बघू’ ही चालढकल फार महाग पडते.

काटकसर म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे पोटाला चिमटा येतो. प्रत्यक्षात हिशेब इतका कठोर नसतो. नवरा-बायको दोघं नोकरी करणारी आहेत आणि दुपारी बाहेर जेवतात, असं समजू. महिन्यातले वीस दिवस दोघांनी घरचा डबा नेला आणि माणशी रोज 120 रुपये वाचले, तर 4,800 रुपये होतात. मोबाइलवरून मागवलेलं रविवारचं एखादं जेवण टाळलं की पाच हजारांचा आकडा ओलांडला. हे पाच हजार दर महिन्याला हप्त्यासोबत मुद्दलात गेले, तर वीस वर्षांचं कर्ज 14 वर्षं 9 महिन्यांत फिटतं आणि व्याजाचे सुमारे 13 लाख वाचतात. पाच हजार झेपत नसतील तर हजार भरावेत. महिन्याला फक्त हजार रुपयांनीही मुदत सोळा महिन्यांनी कमी होते आणि साडेतीन लाख वाचतात.

अट एकच. वाचलेला पैसा खात्यात लोळत ठेवायचा नाही. डब्यामुळे वाचलेले पाच हजार बचत खात्यात राहिले, तर ते महिनाअखेरीला कुठल्या तरी सेलमध्ये खर्च होतात. पगार झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते कर्जखात्यात गेले पाहिजेत.

मराठी नोकरदाराच्या घरात वर्षातून काही ठरावीक वेळा एकरकमी पैसा येतो. दिवाळीचा बोनस, महागाई भत्त्याचा फरक, वेतन आयोगाची थकबाकी, उचललेली भिशी. हा पैसा येण्याआधीच त्याला वाटा फुटलेल्या असतात. मोठा टीव्ही, नवा सोफा, एखादी सहल. यातलं काहीच करू नये असं कुणी म्हणणार नाही. पण वर्षाला एक जादा हप्ता भरेल एवढी रक्कम यातून बाजूला काढली, तर वरचंच कर्ज सुमारे तीन वर्षं चार महिने आधी संपतं आणि आठ लाखांहून अधिक व्याज वाचतं. गाडीचं कर्ज फिटल्यावर त्याचा हप्ता तसाच गृहकर्जाकडे वळवणं तर त्याहून सोपं, कारण त्या पैशाशिवाय घर चालवायची सवय आधीच झालेली असते.

आधीच्या पिढीचा घराचा रस्ता वेगळा होता. नोकरीभर चाळीत किंवा सरकारी क्वार्टरमध्ये राहायचं आणि निवृत्तीला हाती पडलेल्या प्रॉव्हिडंट फंडातून दोन खोल्या घ्यायच्या, ही रीत होती. 1977 मध्ये हसमुखभाई पारेख यांनी मुंबईत एचडीएफसीची स्थापना केली आणि पगारदार माणसाला घरासाठी दीर्घ मुदतीचं कर्ज मिळण्याची वाट रुंद झाली. हे फार मोठं काम झालं. आज तिशीत स्वतःच्या घरात राहता येतं ते त्यामुळेच. पण तिशीत घेतलेलं वीस-पंचवीस वर्षांचं कर्ज मुलांच्या उच्च शिक्षणाच्या आणि आईवडिलांच्या आजारपणाच्या वर्षांत येऊन थडकतं. घर लवकर मिळालं, तसं ते लवकर मोकळंही व्हायला हवं.

व्याजदर बदलले की बँक काय करते, हे कर्जदाराने डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 वरून 6.50 टक्क्यांवर नेला. त्याआधी पावणेसात टक्क्यांनी वीस वर्षांसाठी 40 लाख घेतलेल्याचा हप्ता होता 30,415 रुपये. दर सव्वानऊ टक्क्यांवर गेला, तर 40 लाखांवरचं महिन्याचं नुसतं व्याजच 30,833 रुपये होतं. म्हणजे हप्ता व्याजालाही पुरेना. हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली गेली, तेव्हा अनेकांचं कर्ज त्यांच्या निवृत्तीच्याही पुढे सरकलं. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने याची दखल घेतली. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं करायचं, हा पर्याय कर्जदाराला द्यावा, असं तिने बँकांना बजावलं.

दर उतरतात तेव्हा मोह उलट्या दिशेने येतो. फेब्रुवारी ते जून 2025 या पाच महिन्यांत रेपो दर 6.50 वरून 5.50 टक्के झाला. साडेआठचा दर साडेसातवर आला की वीस वर्षांच्या 40 लाखांचा हप्ता 32,224 रुपयांपर्यंत उतरवता येतो. अडीच हजारांची सूट कुणालाही हवीशी वाटेल. पण हप्ता 34,713 रुपयेच ठेवला तर तेच कर्ज 17 वर्षांत संपतं. घरातल्या एकाही खर्चाला हात न लावता तीन वर्षं वाचतात.

मुदतीआधी पैसे भरले तर बँक दंड लावते, ही भीती अजूनही अनेकांच्या मनात आहे. एके काळी ती खरी होती. दामोदरन समितीच्या शिफारशीनंतर जून 2012 मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यक्तींच्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जांवर असा आकार घ्यायला बँकांना मनाई केली. कर्ज जुनं असेल किंवा त्यावर स्थिर व्याजदर असेल, तर करारातली अट तेवढी तपासून घ्यावी. जादा रक्कम भरताना मात्र एक वाक्य लेखी द्यायला विसरू नये: हप्ता नको, मुदत कमी करा. हप्ता कमी करून घेतला तर व्याज फार थोडं वाचतं आणि सुटलेले पैसे पुन्हा घरखर्चात विरघळतात.

या सल्ल्यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला प्राप्तिकराचा. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते, मग कर्ज लवकर का फेडायचं, असं विचारलं जातं. नव्या करप्रणालीत राहत्या घरासाठी ही वजावटच नाही आणि 2023-24 पासून तीच मूळ प्रणाली धरली जाते. जुन्या प्रणालीतही तीस टक्के कर भरणाऱ्याचे शंभर रुपयांच्या व्याजामागे तीस-एकतीस रुपये वाचतात, उरलेले जातातच. दुसरा आक्षेप एसआयपीचा. शेअर बाजारात दीर्घकाळात साडेआठ टक्क्यांहून जास्त मिळू शकतं, हे खरं. पण त्याची हमी कुणी देत नाही. फेडलेल्या मुद्दलावर साडेआठ टक्के नक्की वाचतात आणि त्या बचतीवर कर लागत नाही. ज्याला दोन्ही जमेल त्याने दोन्ही करावं. ज्याला एकच जमेल त्याने नक्कीचं धरावं.

मात्र घर मोकळं करण्याच्या नादात घरातली माणसं उघड्यावर पडता कामा नयेत. आरोग्य विमा, मुदत विमा आणि निदान सहा महिन्यांचा खर्च आधी बाजूला काढावा. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ती सगळ्यांत आधी फेडावी, तिच्या व्याजापुढे गृहकर्ज स्वस्त आहे. अडीनडीची धास्ती वाटत असेल, तर स्टेट बँकेच्या मॅक्सगेनसारखं ओव्हरड्राफ्ट प्रकारचं गृहकर्ज पाहावं. त्यात ठेवलेल्या जादा रकमेवर तेवढं व्याज लागत नाही आणि गरज पडली तर ती काढताही येते.

आणखी एक गोष्ट आकड्यांइतकीच महत्त्वाची आहे. काटकसर ठरवतो एक आणि सोसतो दुसरा, असं अनेक घरांत चालतं. किराणा, कामवाल्या बाईंचा पगार, घरातल्या बाईचा प्रवास आणि तिची औषधं यांवर पहिली कात्री चालते. नवऱ्याच्या मोबाइलला आणि गाडीला धक्का लागत नाही. हा अन्याय आहे आणि अशी काटकसर टिकतही नाही. काय सोडायचं हे दोघांनी बसून ठरवावं, मुलं मोठी असतील तर त्यांनाही आकडे दाखवावेत.

बँकांकडूनही एक अपेक्षा आहे. हप्ता खात्यातून आपोआप कापून घेण्याची सोय प्रत्येक बँकेत आहे. जादा मुद्दल भरायला मात्र काही ठिकाणी अजून शाखेत खेटे घालावे लागतात किंवा ठरावीक किमान रकमेची अट असते. दर महिन्याला हजार-दोन हजार मुद्दलात आपोआप जातील, ही सोय सक्तीची करायला हवी. 2023 च्या त्याच आदेशानुसार दर तिमाहीला कर्जदाराला पत्रक द्यावं लागतं. त्यात आतापर्यंत वसूल झालेलं मुद्दल, व्याज आणि उरलेले हप्ते असतात. त्याच पत्रकात आणखी एक ओळ छापावी: महिन्याला हजार रुपये जादा भरलेत, तर तुमचं कर्ज किती महिने आधी संपेल. बँकेच्या संगणकाला हे गणित क्षणाचं आहे आणि ते सांगण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने द्यायला हवा.