परक्या मापाने औषधाची किंमत

अमेरिकेतील औषधांच्या किमती सामान्य रुग्णाला असह्य झाल्या आहेत, याविषयी दुमत नाही. रँड संस्थेच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ साली त्या इतर ३३ देशांतील किमतींच्या पावणेतीन पटींहून अधिक होत्या. मे २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी परदेशांतील नीचतम किमतीचे माप अमेरिकेतही लावण्याचा आदेश काढला. तरीही काही रुग्णसंघटना साशंक का आहेत?

याचे उत्तर २०२० च्या अनुभवात आहे. मेडिकेअर या वृद्धांच्या व अपंगांच्या सरकारी विमायोजनेतील ५० औषधांना तेव्हा हेच माप लावण्याचे ठरले. डॉक्टरांना मिळणारा परतावा परदेशी दराशी बांधला गेला. त्या दराने औषध विकण्याचे बंधन मात्र कंपन्यांवर नव्हते. या औषधांचा ९ टक्के वापर पहिल्याच वर्षी व १९ टक्के तिसऱ्या वर्षी बंद पडेल, असे शासनाच्याच गणितज्ञांनी गृहीत धरले होते. म्हणजे बचतीचा काही भाग रुग्णाला औषध न मिळण्यातूनच व्हावयाचा होता! न्यायालयांनी हा नियम रोखला आणि २०२१ मध्ये तो मागे घेण्यात आला.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. ब्रिटनसारख्या देशांत औषधाचे मोल ठरविताना आयुष्याच्या वर्षांना प्रकृतिमानानुसार गुण दिले जातात. या हिशेबात अपंगाचे वर्ष निरोग्याच्या वर्षाहून उणे ठरते, अशी अपंगांच्या चळवळीची तक्रार आहे. अमेरिकेच्या २०१० च्या कायद्याने मेडिकेअरमध्ये अशा मोजमापावर निर्बंध घातले. परदेशी किंमत उसनी घेतली, की ते मोजमाप मागील दाराने आत येते.

या भीतीची ढाल करून औषध कंपन्या आपला नफा राखू पाहतात, आणि काही रुग्णसंघटना त्यांच्याच देणग्यांवर चालतात, हेही विसरून चालणार नाही. पण म्हणून भीती खोटी ठरत नाही. भारतातही २०१३ च्या आदेशाने उत्पादनखर्चाचा आधार सोडून बाजारभावाची सरासरी स्वीकारली. दुसऱ्याने लावलेल्या भावाला न्याय्य भाव मानण्याची चूक तीच.

खरा मार्ग लोकसत्तेने स्वतः वाटाघाट करण्याचा आहे. २००३ च्या कायद्याने मेडिकेअरला त्याची मनाई केली होती. २०२२ च्या कायद्याने ती अंशतः उठविली, आणि पहिल्या १० औषधांचे ठरलेले दर १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. हा मार्ग रुंद करावा, कंपन्यांचे हिशेब खुले करावेत आणि निर्णयाच्या बैठकीत रुग्णाला व अपंगाला स्थान द्यावे. औषध स्वस्त झाले आणि रुग्णापर्यंत पोहोचलेच नाही, तर ती स्वस्ताई कोणाच्या उपयोगाची?