नत्र देणारा प्रत्येक जिवाणू मित्र नव्हे

हवेतील नत्र पिकास मिळवून देणारे जिवाणू शेतकऱ्याचे मित्र होत, ही शिकवण खेड्यापाड्यांत चांगली रुजली आहे. हरभरा, तूर, भुईमूग ह्यांच्या बियाण्यास रायझोबियम चोळून पेरणी करणारे शेतकरी आज पुष्कळ आहेत. परंतु नत्र स्थिर करणारा जिवाणू निरुपद्रवी असलाच पाहिजे, असा जो अर्थ ह्या शिकवणीतून काढला जातो, तो बरोबर नाही. ह्या दृष्टीने बर्कहोल्डेरिया ह्या प्रजातीची हकीकत प्रत्येक ग्रामसेवकाने समजून घ्यावी.

१९५० साली अमेरिकेतील वनस्पतिरोगशास्त्रज्ञ वॉल्टर बर्कहोल्डर ह्यांनी कांदा सडविणाऱ्या एका जिवाणूचे वर्णन केले. १९९२ साली त्यांच्याच नावाने ही प्रजाती प्रस्थापित झाली. पुढे व्हिएतनाममध्ये भाताच्या मुळांलगतच्या मातीत तिची नत्र स्थिर करणारी एक जाती आढळली व १९९५ साली तिला त्या देशाचे नाव मिळाले. तेथील निकस, आम्लधर्मी जमिनीत हिचे संवर्धन भातास दिले असता उत्पन्न १३ ते २२ टक्क्यांनी वाढल्याचे २००० साली प्रसिद्ध झाले. लाभ खराच मोठा! परंतु हीच जाती फुप्फुसांच्या एका आनुवंशिक विकाराने जर्जर झालेल्या रोग्यांच्या शरीरातही सापडली आहे. तिच्या निकटच्या काही जाती अशा रोग्यांच्या जिवावर बेततात आणि अनेक प्रतिजैविके त्यांच्यावर चालत नाहीत.

कोणी म्हणेल, हे जिवाणू मातीत मुळातच आहेत. मग ते शेतात टाकल्याने काय बिघडते? मातीत विखुरलेले असणे वेगळे आणि एका ग्रॅमात कोट्यवधी वाढवून ते हातांनी कालविणे किंवा तोंडाजवळ फवारणे वेगळे. घरात दमेकरी, मधुमेही किंवा तान्हे मूल असेल, तर ही जोखीम पत्करण्याचे कारण नाही.

म्हणून जिवाणू खतेच टाकून द्यावीत काय? मुळीच नाही. रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर, ॲझोस्पिरिलम व स्फुरद विरघळविणारे जिवाणू ह्यांचा समावेश २००६ साली खत नियंत्रण आदेशात झाला. भुकटीच्या एका ग्रॅमात किमान पाच कोटी जिवंत जिवाणू असावेत, असे प्रमाणही त्यात घालून दिले आहे. अशी खते निःशंकपणे वापरावीत. आक्षेप आहे तो बिननावाच्या बाटल्यांवर. आत कोणता जिवाणू आहे हे जिच्यावर लिहिलेले नाही, ती बाटली कितीही स्वस्त असली तरी ग्रामसेवकाने तिची शिफारस करू नये. वेष्टनावर जिवाणूचे नाव, उत्पादकाचा पत्ता व वापराची अंतिम तारीख पाहिल्यावाचून शेतकऱ्यानेही ती घेऊ नये. बीजप्रक्रिया करताना हातावरील जखम झाकावी आणि काम संपताच हात साबणाने धुवावेत.

बियाणे घेताना त्याचे वाण विचारल्याशिवाय शेतकरी पिशवीला हात लावीत नाही. जिवाणूच्या बाबतीतही तोच चोखंदळपणा हवा. उत्पन्न वाढविण्याचा मोह योग्यच आहे. पण त्यापायी घरातील माणसाच्या प्रकृतीची किंमत मोजावी लागू नये.