दुसरा अपराध आणि दुप्पट शिक्षा

अपराध दुसऱ्यांदा घडला की शिक्षा दुप्पट करावी, हे सूत्र कानाला गोड लागते. कारण त्यात विचार करण्याचे श्रम नाहीत. उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणी तर 'दुसऱ्या वेळी आजन्म बंदीच हवी' असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. या मंडळींच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. शंका आहे ती त्यांच्या गणिताविषयी.

सुन यांग या चिनी जलतरणपटूचे प्रकरण पाहावे. २०१४ साली त्याच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडीन हे हृदयविकारावरील औषध सापडले. ते त्याच वर्षी निषिद्ध यादीत आले होते. त्याला तीन महिन्यांची बंदी झाली. पुढे सप्टेंबर २०१८ मध्ये नमुना घेण्यास आलेल्या पथकाच्या ओळखपत्रांवरून वाद झाला आणि रक्ताच्या नमुन्याचे पात्र हातोड्याने फोडण्यात आले. फेब्रुवारी २०२० मध्ये लोझानच्या क्रीडा लवाद न्यायालयाने त्याला आठ वर्षांची बंदी घातली. मुख्य लवादाने चिनी लोकांविषयी समाजमाध्यमावर केलेल्या लिखाणामुळे त्याच्या निःपक्षपातीपणाविषयी शंका उत्पन्न झाली, म्हणून स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये तो निकाल रद्द केला. जून २०२१ मध्ये नव्या लवादांनी सुनला पुन्हा दोषीच ठरविले. बंदी मात्र सव्वाचार वर्षांची दिली.

आठाचे सव्वाचार कसे झाले? लवादांना अचानक दया आली नव्हती. मधल्या काळात नियम बदलला होता, आणि नवा नियम सौम्य असेल तर त्याचा लाभ आरोपीस द्यावा, हे न्यायाचे जुने तत्त्व आहे.

हा बदल नीट समजून घेतला पाहिजे. २०१५ च्या संहितेप्रमाणे, दुसरा अपराध जणू पहिलाच आहे असे मानून जी शिक्षा झाली असती, तिची दुप्पट करावयाची. चाचणीत अडथळा आणल्याबद्दल चार वर्षे, म्हणून आठ. पहिल्या अपराधासाठी तीन महिने भोगलेला आणि चार वर्षे भोगलेला, असे दोघे एकाच तागडीत! २०२१ च्या संहितेने दोन्ही शिक्षांची बेरीज ही किमान मर्यादा व दुप्पट ही कमाल मर्यादा ठरविली. आता तीन महिनेवाल्याची किमान बंदी सव्वाचार वर्षे, आणि चार वर्षेवाल्याची पूर्ण आठ. पहिला दोष विसरला जात नाही. तो जेवढा होता तेवढाच मोजला जातो. न्याय याहून वेगळा काय असतो?

कोणी विचारील, ज्याचे पदक हिरावले गेले त्या प्रामाणिक खेळाडूचे काय? प्रश्न रास्त आहे. पण संहिता दुबळी नाही. तिसऱ्या अपराधास सामान्यतः आजन्म बंदीच आहे. शिवाय औषधाच्या एका चुकीने तोच प्रामाणिक खेळाडू उद्या दोषी ठरू शकतो. अमेरिकन धावपटू जस्टिन गॅटलिन याचा २००१ सालचा पहिला दोष लहानपणापासून घेत आलेल्या औषधामुळे घडला होता. २००६ मध्ये त्याच्या नमुन्यात टेस्टोस्टेरॉन सापडले, तेव्हा आठ वर्षांची मागणी असताही लवादांनी पहिल्या दोषाचे स्वरूप पाहून चार वर्षे दिली. त्यांनी केवळ बोटे मोजली नाहीत, हे योग्यच झाले.

तक्रार करावयाचीच तर ती अन्यत्र करावी. सव्वाचार आणि आठ यांत पावणेचार वर्षांचे अंतर आहे, आणि एवढ्या अवधीत जलतरणपटूचे उमेदीचे आयुष्य संपते. हे अंतर दोषाचे प्रमाण व एकंदर परिस्थिती पाहून लवादांनी भरून काढावयाचे असते. तेथे तळाला थांबलात तर का थांबलात, वर गेलात तर का गेलात, हे प्रत्येक वेळी उघड व सविस्तर सांगितलेच पाहिजे. भारतीय खेळाडूंनाही ही जागतिक संहिता लागू आहे, आणि आपल्या संसदेने २०२२ साली उत्तेजकविरोधी कायदाही केला आहे. म्हणून ही मागणी परक्यांच्या घरची नव्हे, आपलीही आहे.

शिक्षा कठोर असावी, याबद्दल आमचा वाद नाही. पण कठोरता गुणाकाराने सिद्ध होत नाही. ती काट्यावर तोलावी लागते, आणि काटा धरणारा हात कोणाकडे झुकलेला नसावा लागतो.