कुठलं बोअर?

गोदीतला दोस्त विचारतो, पिस्तूल कुठलं घेऊ, नऊ एमएम की पॉइंट बत्तीस? अरे, नऊ एमएम प्रतिबंधित बोअर. तुला-मला परवानाच नाही. उरलं बत्तीस. सरकारी कारखान्याचं 'निर्भीक' रिव्हॉल्वर 2014 साली निघालं, बत्तीसचंच, किंमत लाखावर. गोदीच्या पगारात बघ जमतंय का!

आणि खैरलांजीत 2006 साली झुंड चालून आली. झुंडीला सहा गोळ्या कुठवर पुरणार?

अॅट्रॉसिटीचे 1995 चे नियम वाच. नियम 3. अत्याचारप्रवण भागात गरज वाटल्यास इतरांचे शस्त्रपरवाने रद्द करा, हत्यारं सरकारी शस्त्रागारात जमा करा. गरज वाटल्यास दलित-आदिवासींना परवाने द्या. आपली पोरं शेवटचं तेवढं घोकतात. मला पहिलं हवं. समोरच्याची बंदूक आधी जमा होऊ दे, तुझ्या बत्तीसचं मग बघू.