मराठीला द्विवचन नाही

मराठीला द्विवचन नाही. प्राकृतांनी ते फार पूर्वीच टाकून दिले आणि मराठीच्या वाट्याला एकवचन आणि अनेकवचन एवढेच आले. संस्कृत शिकताना कंटाळलेल्या विद्यार्थ्याला यात सुटकाच वाटते. मलाही तसेच वाटत असे. गेल्या भाद्रपदात सव्वाचार वर्षांच्या जुळ्या मुलींना घेऊन मुंबईहून अकोला जिल्ह्यातल्या सासरच्या गावी महालक्ष्म्यांना गेले, तेव्हा मात्र हा व्याकरणातला अभाव चार दिवस घरभर वावरताना दिसला. दोघींना एक तर एकच समजायचे किंवा घोळका समजायचे, याखेरीज तिसरी सोय कुणाजवळ नव्हती. माझ्याजवळही नव्हती, हे आधीच कबूल करते.

जाऊ नये, असे सांगणारे दोन प्रकारचे लोक भेटले. एकांना प्रवासाची दगदग दिसत होती. दुसरे माझ्यासारखेच शिकलेले. त्यांचे म्हणणे असे की, गावाकडचे नातलग जुळ्यांची सतत तुलना करतात, आणि ती मुलांच्या मनात कायमची रुतून बसते. पहिल्यांचे म्हणणे खरे ठरले. दुसऱ्यांचे अर्धेच खरे ठरले, आणि उरलेल्या अर्ध्यासाठीच हा लेख.

पाच वर्षांखालील मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही. तिकीट नाही म्हणून स्वतःची जागाही नाही. समोरासमोरचे खालचे दोन बर्थ आणि चार माणसे, अशी आमची व्यवस्था होती. एक मुलगी माझ्या कुशीत, दुसरी वडिलांच्या. कसारा घाटातले बोगदे सुरू झाले तसे माझ्याजवळचीने डोळे घट्ट मिटून घेतले. पलीकडून मात्र बोगदे मोजण्याचा आवाज येत होता. घरी दोघी एकाच पलंगावर झोपतात आणि एकीचे भय क्षणात दुसरीचे होते. इथे दोन बर्थमधल्या हातभर अंतराने एकीचे भय आणि दुसरीचे कुतूहल आपापल्या जागी राहिले. हे पाहून मी काय केले? इगतपुरी यायच्या आत एक भित्री आणि एक धीट, अशी दोन पात्रे रंगवून मोकळी झाले. नवऱ्याला तसे बोलूनही दाखवले. मुली ऐकत होत्या.

गावी पोचल्यावर ओसरीवर पहिला प्रश्न आला, "मोठी कोनती व यातली?" अंतर सात मिनिटांचे. पण तो प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नव्हता. त्या घरात वडिलांच्या थोरल्या भावाची बायको 'मोठी आई' असते आणि धाकट्या भावाची 'काकू'. कुणाला काय म्हणायचे हे वयाचा क्रम कळल्याशिवाय ठरतच नाही. इरावती कर्वे यांनी भारतातील नातेव्यवस्थेवरचा आपला ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध केला, तेव्हा नात्यांच्या संज्ञांचा असा प्रदेशवार अभ्यास त्याच्या केंद्रस्थानी होता. संज्ञा ही नुसती हाक नसते, घरातली जागा असते. बरोबरीच्या भावंडासाठी आपल्या नातेसंज्ञांत ती जागाच नाही. संध्याकाळपर्यंत एक मुलगी दुसरीला 'ताई' म्हणू लागली होती, आणि जिला 'ताई' म्हटले जात होते तिच्याकडून समजूतदारपणाची अपेक्षाही सुरू झाली होती.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या बसल्या. दोन मुखवटे, जवळजवळ एकसारखे. एक ज्येष्ठा, एक कनिष्ठा. ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन होते म्हणून ती ज्येष्ठागौरी. पण नुसती ज्येष्ठा ठेवून आपल्या मनाचे समाधान होत नाही. शेजारी कनिष्ठा लागतेच. देवतांची ही तऱ्हा, तिथे सात मिनिटांची काय कथा!

साहित्यानेही जुळ्यांना याहून बरे वागवलेले नाही. महाभारतात नकुल-सहदेव पुष्कळदा केवळ 'यमौ' असतात. संस्कृताजवळ द्विवचन होते, पण ते दोघांना वेगळे ओळखण्यापेक्षा एकत्र बांधायलाच अधिक उपयोगी पडले. रामायणाच्या उत्तरकांडानुसार आधी जन्मलेला तो कुश, आणि 'गीतरामायणा'तही (१९५५) माडगूळकरांनी कुशाला आधी ठेवले आहे. पण बोलण्यात आपण बेधडक 'लव-कुश' म्हणतो. ती जोडी एक शब्द झाली की आतल्या दोघांचा क्रमही कुणाला आठवत नाही. प्लॉटसपासून शेक्सपिअरच्या 'कॉमेडी ऑफ एरर्स'पर्यंत आणि तिथून गुलजारांच्या 'अंगूर'पर्यंत (१९८२) जुळी येतात ती मुख्यतः घोटाळ्यासाठी. हा घोटाळा पाहणाऱ्यांचा असतो, विनोदही त्यांचाच. जुळ्यांपैकी एक असणे म्हणजे काय, हा प्रश्न त्यात क्वचितच उरतो. माझ्या मुली एकमेकींसारख्या दिसतही नाहीत. तरी ओसरीवर "एकीला झाकावे अन् दुसरीला काढावे" हे ऐकू आलेच. आणि दोघींना एकाच ताग्यातले फ्रॉकही मिळाले.

तिसऱ्या दिवशी कुणीतरी मुलींना गाणे म्हणायला सांगितले. एक म्हणाली, "मी नाही म्हणणार. मी भित्री आहे." तो शब्द गावातल्या कुणाचा नव्हता. तो गाडीतला होता.

तुलनेच्या भयाने नातलगांपासून दूर राहा म्हणणाऱ्यांचे इथेच चुकते, असे मला वाटते. तुलनेला ओसरी लागत नाही. ती आपल्या चौकोनी घरातही होते. फरक इतकाच की तिथे तिला अडवणारे काही नसते. गावच्या घरात तसे काही होते, आणि ते म्हणजे काम. पूजनाच्या दिवशी सोळा भाज्या, पुरण, ज्वारीची आंबील आणि पन्नासेक पाने. जुळ्यांची जोडी कौतुकाने जोडीतच ठेवण्याइतकी फुरसत कुणालाच नव्हती. चुलत जाऊबाई गोठ्याकडे निघाल्या. एका हातात बादली, म्हणून मोकळ्या हाताला जी लागली तिला घेऊन गेल्या. ती 'भित्री'. दुसरीला आजेसासूबाईंनी शेजारी बसवून शेंगा निवडायला लावले. कुणी बालमानसशास्त्राचा विचार केला नव्हता. हात एकच मोकळा होता, एवढेच.

दोन तासांनी दोघी भेटल्या, तेव्हा भित्री ठरलेली मुलगी वासराची खरखरीत जीभ कशी लागते ते सांगत होती आणि बोगदे मोजणारी तोंड उघडे टाकून ऐकत होती. माझ्या लक्षात आले की, सव्वाचार वर्षांत एकीने दुसरीला सांगावे असे काही घडलेलेच नव्हते. जे एकीने पाहिले ते दुसरीने पाहिलेलेच असे. गोष्ट सांगायला ऐकणारा तिथे नव्हता, एवढी किमान अट असते. ती आम्ही दोघे सुशिक्षित आईबाप, दोघींना सर्व काही समसमान देण्याच्या नादात, कधी पुरी होऊ देत नव्हतो.

म्हणून माझे मत असे की, जुळ्या मुलांना घेऊन गोतावळ्यात जावे. दगदग सोसून जावे. तिथले बोलणे अनेकवचनी असते, दुखवणारेही असते, आणि त्याकडे लक्ष ठेवावेच लागते. पण तिथले हात एकवचनी असतात. दहा माणसांच्या घरात दोन मुलांना दोन वेगळ्या माणसांची माया, आणि वेगळा राग, मिळू शकतो. मुंबईच्या दोन खोल्यांत तो आम्ही कुठून आणणार?

परतीच्या गाडीत कसारा घाट पहाटे आला. दोघी झोपलेल्या होत्या. कोण भित्री आणि कोण धीट, हे ठरवायला त्या वेळी काहीच आधार नव्हता, आणि मीही तो शोधला नाही.