नाव वाचण्यापुरते थांबा

सहलीला निघालेली मंडळी वाटेतील गाव सोडून बाकी सारे पाहतात. नाशिकला जाणारा शहापूर ओलांडतो, माळशेजला जाणारा मुरबाड. थांबलाच तर चहापुरता. यंदा आम्हांला मात्र थांबावे लागले, कारण भाच्याने दोन दिवसांसाठी घरगाडी भाड्याने आणली. इंग्रज जिला कॅराव्हान म्हणतो ती ही. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली तिच्यासाठी पर्यटनाचे स्वतंत्र धोरणही जाहीर केले. आत पलंग, शेगडी, इवलीशी मोरी. "म्हणजे फिरायला जाऊनही चूल माझ्याच मागे!" हे आमच्या सौभाग्यवतींनी केलेले तिचे वर्णन अगदी अचूक होय. पण घरच बरोबर असल्याने मुक्काम गाठण्याची घाई उरली नाही आणि रस्त्याच्या कडा दिसू लागल्या.

शहापूरजवळ माहुलीचा डोंगर आहे. १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाहीसाठी अखेरची झुंज दिली ती येथे. लोकांनी त्याच्या सुळक्यांना नवरा, नवरी, भटजी अशी नावे देऊन दगडांचे लग्नही लावून टाकले आहे! त्याच तालुक्यात तानसाचे धरण आहे. १८९२ साली ते बांधून झाले आणि त्याचे पाणी मुंबईच्या घरोघर खेळू लागले. पुढे भातसाचेही आले. पण नळ सोडताना तानसाचे नाव कोणाच्या तोंडी येते? आणि उन्हाळ्यात त्याच शहापुरातील पाडे टँकरची वाट पाहत बसतात, हे तर आपल्या गावीही नसते.

किन्हवली, सरळगाव करीत आम्ही मुरबाड तालुक्यात आलो. वैशाखऱ्याच्या पुढून नाणेघाटाची पायवाट वर चढते. माथ्याजवळच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिच्याशी जोडला जाणारा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. आपल्या मराठीच्या आजीपणजीचीच म्हणा ना! यज्ञांची आणि दानांची मोठी यादी त्यात कोरलेली आहे. पलीकडच्या भिंतीवर राजघराण्यातील मंडळींच्या मूर्ती होत्या. आज पावलांच्या खुणांखेरीज त्यांचे काही उरलेले नाही. वर कोरलेली नावे मात्र आहेत. देह दगडाचा असूनही गेला, अक्षर राहिले.

याच मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे लहानसे गाव आहे. तेथे ८ मार्च २०१६ रोजी, महिलादिनी, आजीबाईंची शाळा निघाली. विद्यार्थिनींचे वय साठ ते नव्वद. गणवेश गुलाबी लुगडे. वेळ दुपारची, घरकाम आवरल्यावरची. आम्ही प्राध्यापक लोक 'अक्षर' म्हणजे ज्याला क्षर नाही ते, असे वर्षानुवर्षे फळ्यावर लिहितो. त्याची खरी किंमत जन्मभर अंगठा उठवून सत्तरीत प्रथमच सही करणाऱ्या बाईला विचारावी.

नागनिकेपाशी पाथरवट होते. फांगण्याच्या आजींना आपले नाव आपणच गिरवावे लागले. दोन्ही नावे एकाच तालुक्याच्या वाटेवर आहेत. वाचकहो, पुढल्या पावसाळ्यात माळशेजचे धुके पाहावयास जाल, तेव्हा ती वाचण्यापुरते तरी थांबा. आणि तेथून घरी परतल्यावर मुलांना नळाच्या पाण्याचेही नाव सांगा.